तलावात सहा सोनार सेन्सर कुठे बसवू? सकाळी ऐकतात, दुपारी बहिरे होतात

तळ्यात_मळ्यात (बडोदा), सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय.

मी बडोद्यात एमई करते, दुसरं वर्ष. प्रकल्प असा की वाघोडियाकडच्या एका गावतलावात सहा सोनार सेन्सर (पाण्यातला आवाज ऐकणारी यंत्रं, आम्ही नोड म्हणतो) सोडायचे आणि पाण्यात फिरणाऱ्या पिंगरची जागा त्यावरून शोधायची. पिंगर म्हणजे दर दोन सेकंदांनी ५० किलोहर्ट्झवर ‘टिक’ करणारी डबी. पुढेमागे ती कासवाच्या पाठीवर चिकटवायचा सरांचा विचार आहे. सध्या ती काठीच्या टोकाला बांधून मीच होडीतून फिरवते, म्हणजे कासव मीच. टिक निदान तीन नोडना ऐकू आली तरच वेळेच्या फरकावरून जागा निघते.

तलाव साधारण ५५० मीटर लांब, २२० मीटर रुंद, काजूच्या आकाराचा, मध्यभागी साडेपाच मीटर खोल. नोड घरी बनवलेत: पीव्हीसी पाइपचा तुकडा, आत पिझो चकती (आवाजाच्या दाबाने वीज तयार करणारी), भोवती एरंडेल. (एरंडेलातून आवाज जवळजवळ पाण्यासारखाच जातो म्हणून. आजीने अर्धी बाटली रिकामी बघितली आणि दोन दिवस माझ्या पोटाची चौकशी केली.)

आता घोळ. सकाळी सातला मोजलं तर एक नोड २८० मीटरपर्यंत स्वच्छ ऐकतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये प्रत्येक नोडभोवती २८० मीटरचं वर्तुळ धरलं, आवाजाचा वेग १५०० मीटर/सेकंद, आणि जेनेटिक अल्गोरिदम (असंख्य मांडण्या करून त्यातल्या चांगल्यांची पिढ्यान्‌पिढ्या सरमिसळ करत जाणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवला. त्याने सहा जागा दिल्या, ९७ टक्के तलाव तीन किंवा जास्त नोडच्या कानात. चार जागा पाळीच्या बाजूला जवळजवळ एका ओळीत आल्या, दोन समोर. तिथे थर्मोकोलच्या तरंगाखाली अर्ध्या मीटरवर नोड टांगले.

सकाळी मस्त. दुपारी तीनला ५० मीटरपलीकडे ठार बहिरे. संध्याकाळी सातलाही तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शहाण्यासारखे चालू! बॅटरी बदलली, इपॉक्सी पुन्हा लावलं, नोडची अदलाबदल केली, फरक शून्य. सरांचं म्हणणं, दुपारी तुम्ही जेवून जाता, रीडिंग घेताना लक्ष नसतं. जेवण कसलं, अकराला सेव-उसळ खाल्लेली असते, ती तीनपर्यंत झोप येऊ देत नाही.

नवे नोड घ्यायला पैसे नाहीत. आहेत तेच सहा कसे मांडू?

बेरीज_वजाबाकी, मंगळवार, सकाळी ८:०५

जेनेटिक वगैरे कशाला? मधमाशीचं पोळं काढ. वर्तुळांनी सपाट जागा झाकायची तर षटकोनी मांडणीहून काटकसरीचं काही नाही, हे १९३९ साली सिद्ध झालंय. दोन केंद्रांतलं अंतर त्रिज्येच्या १.७३ पट ठेव.

लॉगरिदम (पुणे), मंगळवार, सकाळी १०:३०

वरचं प्रमेय खरं आहे, पण ते काठ नसलेल्या अमर्याद मैदानाचं. ५५० बाय २२० च्या काजूत नुसते काठच काठ आहेत. शिवाय तिला एकदा नाही, तीनदा झाकायचंय.

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. अल्गोरिदमने तुम्ही विचारलं त्याचं बरोबर उत्तर दिलंय. विचारलं तेच चुकलंय. चार नोड एका ओळीत आले आणि फक्त त्या ओळीतल्या तिघांनीच टिक ऐकली, तर पिंगर ओळीच्या या बाजूला आहे की त्या, हे त्यांना सांगताच येणार नाही. दोन्ही बाजूंना वेळेचे फरक तंतोतंत सारखेच येतात, आरशासारखे. ‘तिघांना ऐकू आलं’ एवढंच मोजलं की हे सुटतं. तिघे लक्ष्याच्या भोवती पसरलेले हवेत. प्रत्येक जागेसाठी चूक किती मीटर येईल ते मोजा आणि ती कमी करा.

आणि सहा नोडसाठी रात्रभर मशीन जाळायची गरज नव्हती. तलावावर १२० संभाव्य ठिपके मांडलेत असं धरा. सहा निवडायचे प्रकार होतात ३६५ कोटींच्या आसपास, ते सगळे तपासणं जड आहे. पण एकेक करून निवडलं, दर वेळी जो ठिपका सगळ्यात जास्त भर घालेल तो, तर ७०५ तपासण्यांत काम होतं. याला ग्रीडी म्हणतात. फायदा हळूहळू घटत जाणारा असेल तर ही पद्धत सर्वोत्तमाच्या निदान ६३ टक्के देतेच, हे नेमहाउसर, वोल्सी आणि फिशर यांनी १९७८ मध्ये दाखवलंय. व्यवहारात बहुतेक वेळा बरंच जास्त मिळतं.

दुपारचं कोडं मात्र माझ्या आवाक्याबाहेरचं.

जुना_खलाशी (बडोदा), मंगळवार, दुपारी ४:१५

बेटा, तुझ्या सरांना सांग की हेच वाक्य नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकन नौदलात बोललं गेलंय.

१९३० च्या दशकात त्यांच्या ‘सेम्स’ नावाच्या विनाशिकेवर सोनारच्या चाचण्या चालत. सकाळी यंत्र उत्तम, दुपार झाली की पाणबुडी समोर असून दिसेना. पहिला संशय सोनारवाल्यांवर, जेवून डुलक्या काढतात म्हणून. शेवटी वुड्स होल या समुद्रसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं. त्यांनी पाण्याचं तापमान खोलीनुसार मोजलं आणि बिचारे सोनारवाले सुटले. वामकुक्षी माणसं करत नव्हती, आवाज करत होता. तेव्हापासून याला ‘दुपारचा परिणाम’ असंच नाव पडलं.

मी स्वतः सोनारवाला. ७६ साली भरती झालो, कोचीच्या पाणबुडीविरोधी युद्धशाळेत शिकलो, आता दांडिया बाजारात वरच्या मजल्यावर बसून सूरसागर तलावावरची गर्दी मोजतो. आम्हाला पहिल्या आठवड्यात हातात दिलं ते सोनार नव्हे, बीटी. बॅथीथर्मोग्राफ. पितळेचं, हातभर लांब, टॉर्पेडोच्या आकाराचं. आत काजळी धरलेली काचपट्टी. ते तारेवरून पाण्यात सोडायचं, वर ओढायचं, पट्टी अलगद काढायची. काजळीवर सुईने एक बारीक रेघ ओढलेली असायची, खोली आणि तापमानाची. अंगठा लागला की रेघ गेली आणि वरून शिव्या. त्या रेघेकडे बघून आधी ठरायचं की आज आवाज कुठवर जाईल, मग जहाज कुठे उभं करायचं. स्पिलहाउसने १९३८ च्या सुमारास हे यंत्र कामाचं केलं.

तू रेघ न बघता जहाजं उभी केलीस.

उद्या एक काम कर. तापमानाचे छोटे सेन्सर मिळतात ना, डीएस१८बी२०, शे-दीडशेला? दोरीला दर अर्ध्या मीटरवर एक बांध, खाली वजन, आणि दिवसभर नोंद घे. आकडे टाक, मग बोलू. नोड तोवर हलवू नको.

तळ्यात_मळ्यात, गुरुवार, रात्री ९:२०

काका, केलं! एक सेन्सर सोल्डर करताना जाळला, म्हणून अडीच मीटरचा आकडा नाही.

सकाळी ६:४५ ला: वर २९.२, एक मीटरवर २९.१, तीन मीटरवर २९.०.

दुपारी ३ ला: अगदी वर ३३.३, अर्ध्या मीटरवर ३२.३, एकवर ३१.४, दीडवर ३०.३, दोनवर २९.३, तीनवर २९.१, चारवर २९.०.

होडीतून हात बुडवला तरी कळतं. मनगट कोमट, बोटं थंड. इतके दिवस रोज हात घालत होते, डोक्यात आलं नाही.

जुना_खलाशी, गुरुवार, रात्री ११:०५

शाब्बास. आता कागद घे.

गोड्या पाण्यात तिशीच्या आसपास एक अंश वाढला की आवाजाचा वेग साधारण सव्वादोन मीटर/सेकंद वाढतो. वरच्या दोन मीटरमध्ये चार अंशांचा फरक, म्हणजे वेगात नऊचा. वर जलद, खाली सावकाश. कवायतीत रांग चालताना एका टोकाचे जवान सावकाश झाले की अख्खी रांग त्यांच्याकडे वळते ना, तसा आवाज खाली वळतो. तुझ्या तलावात तो सरळ न जाता एका मोठ्या वर्तुळाच्या कंसावरून जातो. त्रिज्या = वेग भागिले दर मीटरला होणारा बदल = १५१० भागिले ४.५, सुमारे ३३५ मीटर.

पिंगर अर्ध्या मीटरवर, नोडही अर्ध्या मीटरवर. सगळ्यात लांब जाणारा किरण कुठला? जो पिंगरपासून किंचित वर चढतो, पृष्ठभागाला चाटतो आणि खाली वळतो. अर्धा मीटर चढायला त्याला लागतात (२ × ३३५ × ०.५) चं वर्गमूळ, म्हणजे १८ मीटर. परत अर्ध्या मीटरवर उतरायला आणखी १८. झाले ३७ च्या आत. त्यापलीकडे तुझा नोड सावलीत. तू ५० मोजलेस कारण ही सावली काही अमावास्येची नसते, थोडा आवाज विखरून आत येतोच, आणि तापमानही माझ्यासारखं सरळ रेषेत उतरत नाही.

आता तोच नोड तीन मीटरवर उतरव. वरून आलेला किरण कोमट थर ओलांडून सहा अंशांच्या उताराने खाली येतो, त्याला साधारण ६४ मीटरवर भेटतो. ३७ चे ६४ झाले. आणि पिंगरही तीन मीटरवर असेल तर? खालचं पाणी एकसारखं, किरण जवळजवळ सरळ. तिथे दुपारीही तुझे सकाळचेच आकडे मिळायला हवेत.

म्हणून नोड खाली. पण तळाला टेकवू नको. गावतलावाच्या चिखलात पानं कुजून वायूचे बुडबुडे धरलेले असतात, आणि बुडबुड्यांसारखा आवाज खाणारा राक्षस दुसरा नाही. तळापासून दीड मीटर वर ठेव. आणि अंतर तळापासून मोज, वरून नको. मे अखेर तलाव मीटरभर तरी उतरेल, वरून टांगलेला नोड तेव्हा चिखलात बसलेला सापडेल. तळाला दगड, दगडाला दोरी, दोरीला नोड, नोडच्या वर पाण्याच्या आतच छोटा तरंग. ताठ उभा राहतो, वाऱ्याने झोके घेत नाही.

एक कडू हिशेब पण ऐक. वरच्या थरातल्या पिंगरसाठी दुपारी एक नोड ६४ मीटरचं वर्तुळ ऐकतो, म्हणजे सुमारे १२,९०० चौरस मीटर. सहांचे झाले ७७ हजार. तुझा काजू असेल ९० हजारांचा. प्रत्येक जागा तिघांनी ऐकायची तर ७७ ला तीनने भाग. तीस टक्क्यांच्या वर तू जाऊच शकत नाहीस, प्रत्यक्ष वरुणाने येऊन नोड मांडले तरी. तेव्हा आधी ठरव, कासव दुपारी कुठल्या थरात असतं आणि तुला ते कुठल्या वेळी शोधायचंय.

शेवटचं, तो १५०० काढून टाक. तो समुद्राचा गोळाबेरीज आकडा. तुझ्या तलावात आत्ता योगायोगाने जवळपास जमतो, पण जानेवारीत वीस अंशाच्या गोड्या पाण्यात वेग १४८२ असतो. २०० मीटरवर अडीच मीटरची चूक फुकटात. कोलादों आणि स्टुर्म यांनी १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून आठ अंशाला १४३५ मोजला होता. त्यांनीसुद्धा तापमान लिहून ठेवलं होतं हो.

विश्वामित्रीकर (बडोदा), शुक्रवार, सकाळी ७:५०

सोनारमधलं ओ की ठो कळत नाही, मगरींमधलं कळतं. मी वन्यजीव बचावाच्या कामाला जातो. बडोद्याच्या आसपास मगर फक्त विश्वामित्री नदीत असते असं समजू नका, गावतलावांतूनही असतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तर लोकांच्या अंगणात आल्या होत्या. होडीतून पाण्यात हात घातल्याचं वर वाचलं आणि चहा सांडला. आधी गावकऱ्यांना विचारा. काठावर गुळगुळीत घसरपट्टीसारखी जागा दिसली तर तिथे नोड लावायला वाकू नका.

आणि कासवाला काहीही चिकटवण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी. नुसतं सरांच्या विचाराने भागत नाही.

तळ्यात_मळ्यात, शुक्रवार, सकाळी ९:१५

बाप रे. घसरपट्टी आहे, पूर्वेला, बाभळीखाली. मला वाटलं म्हशींची.

लॉगरिदम, शुक्रवार, दुपारी १:००

काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. माझ्या आधीच्या सल्ल्यात एक चूक राहिली, ती सुधारतो.

‘तिघांना ऐकू आलं तरच गुण’ असा नियम ठेवलात तर ग्रीडी आंधळं होतं. पहिला नोड ठेवला, गुण शून्य. दुसरा ठेवला, तरी शून्य. त्याला सगळे ठिपके सारखेच दिसतात आणि तो कुठेही बसतो. ६३ टक्क्यांची हमीही तिथे लागू नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक जागेला जितके नोड ऐकतात तितके गुण द्या, पण तीनवर थांबवा. एकाला १, दोघांना २, तिघांना ३, पाच जणांना पण ३. मग फायदा घटत जाणारा होतो आणि हमी परत येते, अर्थात या नव्या गुणांपुरती.

वर्तुळं फेकून द्या. प्रत्येक ठिपक्यासाठी दोन वेळा (सकाळ, दुपार) आणि दोन खोल्या (वर, खाली) असे चार तक्ते करा, काकांच्या कंसावरून कोण कोणाला ऐकतं ते भरा, आणि चारींची वजनी सरासरी वाढवा. वजनं तुमच्या कासवाप्रमाणे. सहा जागा निघाल्या की ओळीत आलेले नोड हाताने थोडे सरकवून जागेची चूक किती मीटर येते ते तपासा. यापलीकडे घासत बसू नका, तुमच्या होडीची जागाच दोन-तीन मीटरने चुकत असणार.

तळ्यात_मळ्यात, तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:३०

उशीर झाला, मध्ये सबमिशन होतं.

नोड तळापासून दीड मीटरवर, दगड-दोरी पद्धतीने. दगड म्हणजे आजीचा फुटका वरवंटा आणि पाच विटा. नवीन मांडणीत पाळीवर दोनच राहिले, बाकीचे काजूच्या पोटाकडे आले. पूर्वेचा ठिपका यादीतूनच काढला (दादा, गावात विचारलं, ‘हो, एक आहे, पण स्वभावाने चांगली आहे’ असं उत्तर मिळालं). गणित तीन सेकंदांत संपलं. मी उगाच रात्रभर लॅपटॉपखाली पंखा लावला होता.

होडीतून मोजलेलं: सकाळी दोन्ही खोल्यांना ९५ टक्के. दुपारी पिंगर तीन मीटरवर, ८८ टक्के. दुपारी पिंगर अर्ध्या मीटरवर, १४ टक्के. काकांचा तिसाचा कडू हिशेब मी सरांना फळ्यावर करून दाखवला. ते बराच वेळ फळ्याकडे बघत होते, मग म्हणाले, सेमिनारमध्ये हेच बोल. झोपेचा विषय निघाला नाही.

आता नवीन भानगड. रोज चार ते साडेचार, दोन नंबरचा नोड एकदम मुका. तापमान तेच, बाकी पाच चालू. काल काठावर बसून राहिले तेव्हा कळलं, गुराखी त्या वेळी तीसेक म्हशी तिथे उतरवतो. चिखल आणि बुडबुड्यांचा नुसता काला. हे पण तक्त्यात भरू का काका?

जुना_खलाशी, रविवार, रात्री १०:५५

भर की. पाचवा तक्ता, म्हशी, रोज अर्धा तास. आणि दोन नंबर चाळीस मीटर उत्तरेला घे, म्हैस पोहून तेवढी आत येत नाही सहसा. दोरी काळी लाव, पांढरी दिसली की पोरं ओढतात.

बीटी बघायचं असेल तर ये एकदा घरी. निवृत्तीच्या वेळी भंगारात निघालेलं एक मी रीतसर पावती करून आणलंय, काचपट्टी मात्र फुटलीय. येताना लीलो चेवडो आण, पावशेर. डॉक्टरने बंद केलाय, त्यामुळे काकूला सांगायचं, तुझ्यासाठी आणलाय म्हणून.